ठसका

सोमवार, १० जानेवारी १९७२

वहिनीच्या माहेरून आलेली ही डायरी घरात कुणालाच नको होती, म्हणून माझ्याकडे आली. आमच्याकडे जे कुणाला नको असतं ते विजयाकडे येतं. शाळेतली तात्पुरती नोकरी सुटली तेव्हा दादाच्या कारखान्याचं लिहिण्याचं कामही असंच आलं. कारखाना म्हणजे काय, भिंगारला एक पत्र्याची शेड, त्यात विजेवर चालणारं मिरची कांडायचं यंत्र, त्यावर दोन गडी, आणि मिरचीचे देठ खुडायला बायका. दिवाळीपर्यंत बायका दहा-बारा होत्या. मग युद्ध झालं, लष्कराकडून मसाल्याची मागणी वाढली, आणि पारनेरकडे पाऊस नाही म्हणून तिकडच्या बायका भिंगारला आल्याच होत्या. आता पंचवीस तरी असतील.

मी नाकाला रुमाल बांधून बसते. तरी आज असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी. बायकांना तेवढीच करमणूक. त्यांच्यातली वडीलधारी राहीबाई म्हणाली, "ताई, आमास्नी न्हाई लागत आता. पयल्या महिन्यात काय लागला त्यो. आता मिरची आन आमी एका घरच्या."

दुपारी विम्याचे साहेब येऊन गेले. शांत गृहस्थ. विजेवरचं यंत्र आणि वीस माणसं झाली की कामगारांचा सरकारी विमा काढावाच लागतो म्हणाले. थोडा वाटा मालकाचा, त्याहून थोडा कामगाराचा. त्या बदल्यात डॉक्टर, औषध, आजारपणात घरी बसून पैसे. बायकांना बाळंतपणात बारा आठवडे पगार. पुढच्या महिन्यात पुन्हा येऊन माणसं बघतो म्हणाले. दादाचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला होता. मला मात्र बरं वाटलं. बायकांची आठवण सरकारला कधी नव्हे ती झाली आहे.

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायकांना तिळगूळ दिला आणि भाकरीच्या सुट्टीत विमा समजावून सांगितला. शिकवायची सवय जात नाही.

गोजरबाई म्हणाली, "आजारी पडल्यावर पैशे? मंग पडाया पायजे येकदा." सगळ्या हसल्या. हिच्या जिभेला हाड नाही. बनुबाईला मात्र संशय. "मालक देतोय म्हंजी आपल्याच पदराचं कापीत आसंल."

सगळ्या उठल्या तरी चांगुणा मागे राहिली. ही राहीबाईची सून. एकोणीस वर्षांची असेल. पाचवा-सहावा महिना आहे. पहिलं पोर सातव्या महिन्यात पोटातच गेलं. पारनेरला खडी फोडत होती तेव्हा. आई नाही, त्यामुळे याही खेपेला माहेर नाही, इथेच बाळंत व्हायचं.

"ताई, बाळंतपनाचं म्हनलात ते खरं हाय का?"

"कायद्यात लिहिलंय."

"घरी बसून पैशे? आन डॉक्टर बी?"

"दोन्ही. कार्ड मिळेल तुला. तुझ्या नावाचं."

"माज्या नावाचं," ती म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली. मी तिला शब्द दिला की कार्ड मी स्वतः आणून तिच्या हातात देईन.

बुधवार, १९ जानेवारी

दादा भडकला आहे. "विजू, तू बायकांना काय सांगून बसलीस? कुणी विचारलं होतं तुला?"

मी म्हटलं, साहेबांनी सांगितलं तेच मी सांगितलं.

त्याच्या डोक्यात दोन युक्त्या आहेत. एक, निम्म्या बायका सकाळी बोलवायच्या, निम्म्या दुपारी, आणि सगळ्यांना अर्धवेळ म्हणायचं. दुसरी, कारखाना हंगामी आहे असं सांगायचं, कारण मिरचीचा हंगाम उन्हाळ्यापुरताच. मी म्हटलं, हंगामी म्हणून सूट आहे ती गुऱ्हाळाला, सरकी काढणाऱ्याला, भुईमूग फोडणाऱ्याला. आपण उन्हाळ्यात मिरची आणि पावसाळ्यात हळद कांडतो, आपला हंगाम संपतो कधी? वहिनी पदर तोंडाला लावून हसली. दादा ताटावरून उठला.

वाईट नाही तो. नोकरी सोडून धंद्यात पडला आणि आमच्या घराण्यात आजवर कुणी धंदा केलेला नाही. सगळे दत्तोपंतांच्या चिरंजिवाची फजिती बघायला टपलेत, असं त्याला सारखं वाटतं. बाबा हयात असते तर तेही टपले असते.

सोमवार, २४ जानेवारी

दादा नगरला जाऊन कचेरीत विचारून आला. हंगामाचं जमत नाही. अर्धा दिवस येणारी बाईसुद्धा अख्खीच मोजतात. मी म्हटलं, डोकं अर्धं कसं मोजणार? तो हसला नाही.

चहा पिता पिता सांगितलं. दोन गडी आणि सतरा बायका, एवढीच माणसं ठेवायची. बाकीच्यांना एक तारखेपासून बंद. "आणि पोटुशी आधी. तिचं बाळंतपण माझ्या डोक्यावर नको."

"दादा, मी तिला शब्द दिलाय."

"मग तूच काढ तिचा विमा."

 ज्या नियमानं तिला कार्ड मिळायचं, त्याच नियमानं तिची भाकरी जाणार. हे कुठल्या शहाण्याला सुचलं असेल?

बुधवार, २६ जानेवारी

सुट्टी. न्हाणीघरात कपडे धुताना सुचलं. देठ खुडायला यंत्र कुठे लागतं? दोन हात पुरतात. ज्या बायकांना काढायचं त्यांनी पोती घरी न्यावीत, खुडून आणावीत, वजनावर पैसे घ्यावेत. त्या घरी, यंत्र इथे. कारखान्यात एकोणीसच राहतील आणि एकीचीही भाकरी जाणार नाही.

दादाला सांगितलं. तो वकिलांकडे जाऊन आला. म्हणाला, "नियमात बसतं." आणि वहिनीला म्हणाला, "विजूला डोकं आहे हो." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

पोती गेली. बायका डोक्यावर घेऊन अशा चालल्या होत्या की लग्नाचं सामान निघालंय वाटावं. राहीबाईनं स्वतःचं नाव कारखान्यातून काढून घेतलं, तिची जागा मुक्ताबाईला मिळाली. सुनेसंगं घरीच खुडते म्हणाली. पोती वाटायचं आणि गोळा करायचं कामही तिनंच अंगावर घेतलं.

चांगुणा म्हणाली, "ताई, लई उपकार झालं." मी म्हटलं, उपकार कसले, तुझं पोट वाढतंय, तुला ये-जा नको. मला खरंच आनंद झाला. आयुष्यात एक तरी गोष्ट माझ्या हातून धड झाली.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

विम्याचे साहेब आले. माणसं मोजली, एकोणीस भरली. मला विचारलं, "बाकीच्या बायका?"

"घरी काम करतात."

"घरात लहान मुलं असतील."

"असतीलच की. म्हणून तर त्यांना सोयीचं पडतं."

ते टोपी उचलून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. सरकारी माणसाला काही चांगलं चाललेलं बघवत नाही.

मंगळवार, २९ फेब्रुवारी

होळी. गोजरबाई पोती परत करायला आली ती भांडत. शेजारणी बोंब मारतात म्हणाली, हिच्या घरात मिरची झटकली की त्यांची पोरं खोकतात. "माजी बी खोकत हुती. आता न्हाई खोकत. सवय झाली." मी म्हटलं, मग शेजारणींच्याही पोरांना होईल. ती हसली. घरी पुरणपोळी होती, तिच्या पोरांसाठी दोन बांधून दिल्या.

शुक्रवार, १७ मार्च

काल पाडवा झाला. आज चांगुणा स्वतः आली. सात महिने भरून गेलेत, दारात टेकून उभी राहिली. म्हणाली, "ताई, त्ये कारड आलं का?"

 मी समजावून सांगितलं की कार्ड कारखान्यात काम करणाऱ्याला मिळतं, तेही कारखान्यात वीस माणसं असतील तर. आपल्याकडे एकोणीस आहेत.

"मंग मी येती की. मी आली म्हंजी ईस हुत्यात."

मी आत जाऊन दादाला विचारलं. त्यानं मान वर न करता नाही म्हटलं. बाहेर येऊन मी तिला म्हटलं, "अगं, या दिवसांत घरी बसलेलं चांगलं. सावलीत बसून काम, सासूचं लक्ष. कार्डवाल्यांना तरी याहून काय मिळतं?"

"व्हय ताई," म्हणाली आणि पोतं उचलायला वाकली. पोतं मी गड्याकरवी पोचवलं.

रविवार, २३ एप्रिल

चांगुणाला मुलगा. मच्छिंद्र, म्हणजे तिचा नवरा, पेढे नाहीत म्हणून गुळाचा खडा घेऊन आला. पूर्ण दिवसांचा, चांगला बाळसेदार आहे म्हणाला. सुईण घरीच आली होती. कार्डावाचून काही अडलं नाही. मी देवापुढे साखर ठेवली. वहिनी म्हणाली, जसा काही तुमचाच नातू. म्हणू दे.

गुरुवार, ४ मे

बारशाला जाऊन आले. मुलाचं नाव कानिफनाथ. मी झबलं-टोपडं नेलं होतं.

नाल्याकडे यांची एकच खोली आहे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराला गोधडी लावलेली, शेगडीत ओवा-शेपांची धुरी. भिंतीला मिरचीची पोती, मधे चांगुणाचं अंथरूण. वर आढ्याला लुगड्याची झोळी आणि तिच्या खालीच खुडायचा ढीग, म्हणजे एका हातानं झोका देता येतो आणि काम थांबत नाही. मला कौतुक वाटलं. गरिबाला अक्कल असते.

बाळ गोंडस आहे. पण किरकिरं. नाक लाल, डोळ्यांना पाणी, सारखं शिंकतं आणि घशात घरघर. चांगुणा म्हणाली, "पाचवीपास्नं आसंच करतंय, ताई."

"दृष्ट लागली असेल," मी म्हटलं. "एवढ्या बायका येऊन बघून जातात. दृष्ट काढा."

दृष्टीला देठाच्या मिरच्या लागतात. देठाच्या म्हणजे न खुडलेल्या, त्या पोत्यात होत्याच. मीच सात काढून दिल्या. राहीबाईनं मीठ-मोहऱ्या घेतल्या, बाळावरून ओवाळल्या आणि सगळं शेगडीत टाकलं. मला असा ठसका लागला की गोधडी सारून बाहेर पळाले. आत बाळ तेवढं खोकत होतं. बाकी कुणी नाही.

थोड्या वेळानं राहीबाई बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "बगितलं का, ताई? जरा बी ठसका न्हाई. मला न्हाई, चांगुनाला न्हाई. लई जबर दिष्ट हाय."

दृष्ट असली की मिरचीचा ठसका लागत नाही, हे आमची आजीही म्हणायची. मी म्हटलं, "पण मला लागला की."

"तुमी बाहीरच्या. घरच्या मान्सास्नी लागाया पायजे."

"मग रोज काढा," मी म्हटलं. "ठसका लागेपर्यंत काढा."

सोमवार, ८ मे

राहीबाई खुडलेली पोती घेऊन आली. बाळ तसंच आहे. काल मूठभर मिरच्या टाकल्या तरी कुणाला ठसका नाही. मढीला जाऊन कानिफनाथाला नवस बोलायचं म्हणते आहे. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "चांगुना इचारत हुती, त्या कारडाच्या डाक्टरकडं न्यायचं का लेकराला?"

"तिथे नाव लागतं, राहीबाई. आपलं नाव नाही तिथे."

"त्येच म्हनलं मी तिला."

मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांकडे मी घेऊन जाईन. शनिवारी लष्कराचा माल जायचा आहे, तोवर मला इथून हलता येत नाही, रविवारी सकाळी नक्की. राहीबाई म्हणाली, "तवर दिष्टच काडतो दोन येळंला."

शनिवार, १३ मे

माल गेला. दादानं सगळ्यांना चहा दिला. चहा पितानाच मच्छिंद्र आला आणि दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. "गेलं, ताई," म्हणाला. "पहाटंच गेलं."

उद्या जाणार होते मी.

सोमवार, १५ मे

जाऊन आले. गोधडी काढली होती, दार सताड उघडं. सुतक म्हणून पोती बाहेर नेऊन ठेवली होती. खोली एवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी दिसलं नव्हतं. झोळी तशीच होती.

चांगुणा भिंतीला टेकून बसली होती. चोळी दुधानं ओली. मी हात धरला तर धरू दिला. म्हणाली, "कारडावर त्येचं बी नाव आलं आसतं का?"

"आलं असतं," मी म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं. सुचलं नाही.

घरी आल्यावर दादाशी बोलले नाही. त्यानंही विचारलं नाही. जेवताना एकदम म्हणाला, "लहान पोरं जातात गं, विजू. त्याला काय करणार?" मी ताट सरकवून उठले. राग त्याचा आला की माझा, ते कळत नाही. मी सोमवारीच उठून गेले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? दुसऱ्या कुणी बांधला नसता का तो मसाला?

शनिवार, २० मे

वहिनीला ताप म्हणून डॉक्टर आले होते. त्यांना मी त्या बाळाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "घरात धूर होता का?"

"बाळंतिणीची शेगडी होती. सगळ्यांकडे असते."

"आणखी काही?"

मी नाही म्हटलं. दृष्टीचं सांगितलं नाही, ते हसले असते. शिकलेली बाई असून असं करतेस म्हणाले असते. त्यांनी न्यूमोनिया असेल म्हणून सांगितलं, आणि मला जरासं बरं वाटलं. न्यूमोनिया कुणालाही होतो.

शनिवार, २७ मे

कारखान्यातली मुक्ताबाई गावी परत गेली. एक जागा रिकामी. दादा म्हणाला, "चांगुणाला बोलाव. आता मोकळी आहे ती."

मोकळी म्हणाला. त्याला कळलंसुद्धा नाही. तो चांगल्या मनानंच म्हणाला. "एकोणीसच होतात," म्हणाला. "नियमात बसतं."

माझंच वाक्य होतं ना ते? नाही, त्याचं. पण त्याला बोलायला मीच लावलं होतं.

सोमवार, २९ मे

राहीबाई आली. सुतक संपलं, पोती खुडून आणली. एकही देठ राहिला नव्हता. मी म्हटलं, एवढी घाई कशाला केली? म्हणाली, हात रिकामा ऱ्हायला की डोकं चालतंय.

मी तिला पाणी दिलं. ती ओट्यावर टेकली आणि तोंड पुसून म्हणाली, "ताई, येक सांगायचं हुतं. दिष्ट उतरली."

"म्हणजे?"

"पंधरा दिस पोती बाहीरच हुती न्हवं, दार उगडं. परवा आत घेतली. खुडताना चार मिरच्या शेगडीत पडल्या, आन चांगुनाला आसा ठसका लागला, आसा लागला, डोळं पांडरं केलं पोरीनं. मला बी लागला. दोगी बी बाहीर पळालो, तुमी पळाल्ता तशा." तिनं हात जोडून कपाळाला लावले. "म्हनलं, गेली बया येकदाची. लेकराला घिऊन गेली, पर उतरली."

 पंधरा दिवस दार उघडं. त्यांचा ठसका परत आला. त्या बाळाला तो पाचवीपासूनच होता. एवढ्याशा खोलीत तेवढं एकच माणूस बरोबर सांगत होतं, आणि आम्ही त्याच्यावर आणखी मिरच्या जाळत होतो. सात तर मीच निवडून दिल्या होत्या. पोतीही मीच तिथे पाठवली होती.

तोंड उघडलं होतं मी. सांगणार होते. पण शेगडीत मिरच्या तिच्या हातानं पडल्या होत्या, रोज, दोन वेळा, नातवावरून ओवाळून. हे कळल्यावर ती कुठे जाणार? मला निदान ही डायरी आहे.

"उतरली न्हवं, ताई?" तिनं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"उतरली," मी म्हटलं.

तिला बरं वाटलं. उद्यापासून चांगुणा कारखान्यात येते आहे.